भिंतीवरच्या वनमालाबाई

कलावतीबाई भेटायला आल्या त्या पांढरट साडी नेसून, डोळ्याला पदर लावून. मधली काही वर्षं त्या लेकीकडे गोंदियाला होत्या. परत रायपूरला येऊन आठवडा होत नाही तोच त्यांना कळलं, की आपली बूढ़ापाऱ्यातली जुनी शेजारीण वनमाला गेली. चौबे कॉलोनीतल्या वनमालेच्या लेकाच्या मोठ्या घराची बेल दाबून त्या मनातल्या मनात सांत्वनाचे शब्द जुळवत होत्या, तर दार उघडलं खुद्द वनमालाबाईंनीच, हातात मेथीची जुडी घेऊन. कलावतीबाई मटकन पायरीवरच बसल्या.

"काय वं, काहून रडून राहिली?" वनमालाबाईंनी विचारलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. सोडायला आलेल्या जावयाबरोबर कलावतीबाई नव्या रायपुरात, वनमालाबाईंच्याच नावाच्या दुकानात पोहे खायला गेल्या होत्या. भिंतीवर वनमालाबाईंचा हा एवढा मोठा फोटो, फोटोला चंदनाचा हार, खाली दिवा. त्याखाली हिंदीत लिहिलेलं, की या माउलीनं शेवटच्या श्वासापर्यंत लोकांना पोहे खाऊ घातले. वनमालाबाई आधी पोट धरून हसल्या. मग हसू तिथंच विरलं, आणि मेथी निवडता निवडता त्यांनी देठच पातेल्यात टाकले.

आता हे दुकान कोणाच्या जिवावर उभं राहिलं ते सांगायला पाहिजे. नवरा, शंकरराव, रेल्वेत क्लार्क होते. ते अचानक गेले, आणि वनमालाबाईंनी बूढ़ापाऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत तर्रीपोहे सुरू केले. पोहे सगळेच करतात हो, पण त्यावरची ती हरभऱ्याची झणझणीत तर्री बाईंच्या हातचीच. त्यातच छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली. भोपाळहून बदलून आलेल्या बाबूंची बायका-पोरं तिकडेच, अन् सकाळी पोटात कावळे. त्यांची रांग तलावापर्यंत जायची. मुलगा पराग कॉलेज सोडून हाताशी आला. पोट्टा डोक्यानं तेज. दुकानं वाढवत नेली, तेलीबांधा झालं, भिलाई झालं, बिलासपूर झालं, प्रत्येक पाटीवर आईचं नाव. मग भनपुरीला मोठा भटारखाना निघाला आणि मसाला मशीनवर दळला जाऊ लागला. इकडे बाईंच्या गुडघ्यांनी संप केला. त्या घरी बसल्या, त्या बसल्याच. दुकानात चल म्हणून कोणी म्हटलं नाही, आणि त्यांनीही मानापोटी विचारलं नाही.

संध्याकाळी पराग आला तसा त्यांनी त्याला समोर बसवलं. त्यानं आधी ताकास तूर लागू दिली नाही. मग म्हणाला, नव्या रायपूरच्या दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी डेकोरेशनवाल्यानं चुकून फोटोला झेंडूचा हार घातला. काढायचा राहिला. लोक आत आले की हात जोडू लागले, लेकरांना पाया पडायला लावू लागले, आणि गर्दी वाढली. झेंडू सुकतो म्हणून चंदनाचा आणला, आणि मग सगळ्याच दुकानांत लावला.

"आई, लोकायले गेलेल्या माणसाचीच गोष्ट आवडते," तो म्हणाला.

"तुह्या बापाच्या फोटोले हार घातला तवा ते खरंच गेले होते. मी तं जित्ती हाव ना?"

परागनं मोबाइल खाली ठेवला. मग पाय धरले. नागपूरची मोठी पार्टी धंद्यात पैसे घालणार होती, त्यांना गेलेल्या माउलीची हीच गोष्ट भावली होती. एकदा त्यांच्याशी पक्कं झालं की आपल्या हातानं सगळे हार उतरवतो, असं त्यानं कबूल केलं. बाईंनी विश्वास ठेवला. आईचं काळीज, दुसरं काय! गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं गरज रोजची होती, तरी वैद्य मारून मोकळे झाले होते.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. विचारलं की पराग म्हणायचा, होऊन राहिलं आई. सून राधिका तो विषय निघाला की उठून आत जायची. बाईंना रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी धस्स व्हायचं, की उद्या आपण खरंच गेलो तर या घरात नवं काय होणार? हार तर आधीच घातलेला. हे त्यांना सहन होईना. शेवटी त्यांनी कलावतीबाईंना बोलावलं, ऑटो केला, आणि दोघी नव्या रायपूरला निघाल्या. पोरगा काढत नाही तर आपणच काढू, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दुकान मंत्रालयातल्या लोकांनी भरलं होतं. बाई गुडघा दाबत फोटोपाशी गेल्या आणि स्टूल मागितलं. मॅनेजर मीरा, धमतरीकडची, गोड बोलणारी पोरगी, लगबगीनं आली आणि माताजी हाथ मत लगाइए म्हणाली. बाईंनी सांगितलं, की चौबे कॉलोनीतून आले, हा फोटो माझाच, मीच ती वनमाला. मीरानं फोटोकडे पाहिलं, मग बाईंकडे. फोटोतल्या बाई गोऱ्यापान, नाकात नथ, दात जागच्या जागी. तिचा काय दोष? तिनं मालकाला फोन लावला आणि गलक्यात ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"भैया, चौबे कॉलोनी से एक माताजी आई हैं. हार निकालने को कह रही हैं. कहती हैं मैं ही वनमाला हूँ."

पलीकडून आधी दुसरेच आवाज आले. मागं माणसं बोलत होती, नागपूरच्या मराठीत, हसत खेळत. मग परागचा आवाज आला, एकदम सांभाळलेला.

"बिठाइए उनको. पोहा खिलाइए, पैसा मत लीजिए. ऐसे लोग आते रहते हैं."

कलावतीबाई तोंड उघडणार होत्या. वनमालाबाईंनी त्यांचा हात घट्ट दाबला. आपण दोन शब्द मोठ्यानं बोललो तर पोराचा सगळा डाव उधळेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोलावंसंही फार वाटत होतं. छातीत आग पेटली होती आणि लाजही वाटत होती, कोणाची ते मात्र कळत नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या.

मीरानं प्लेट आणली. कलावतीबाईंनी आपली बाजूला सारली. वनमालाबाईंनी मात्र शांतपणे सगळे पोहे संपवले, तर्री संपवली, पाणी प्यायल्या. मीरानं अदबीनं विचारलं, भैयाला काही सांगायचं आहे का.

"हव," वनमालाबाई उठत म्हणाल्या. "त्याले सांग, आई आपली तेरवी जेवून गेली. आता हार राहू दे म्हणावं."

मीराला मराठी अर्धीच कळली, पण तिनं मान हलवली आणि दोघींना धरून ऑटोपर्यंत सोडलं.