शेजारणीच्या शेळ्या

लतिकाचं कौतुक सुरू झालं की यामिनीच्या पोटात दुखायचं. दोघी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात एकाच अपार्टमेंटमध्ये राहायच्या, एकाच प्राध्यापकांकडे संशोधन करायच्या. पण यादवी युद्धातून सावरणाऱ्या त्या दूरच्या देशात, परदेशी मदतीचा किती उपयोग झाला हे पाहायला गेली ती लतिका! यामिनीच्या वाट्याला आलं इथे बसून दुभाष्यामार्फत फोन करणं.

लतिका परतली ती मिरवतच. युद्धात परागंदा झालेली कुटुंबं गावी आली होती, त्यांना मदत म्हणून शेळ्या मिळाल्या होत्या आणि त्या घरांतल्या बायका खूश होत्या. "प्रोग्रॅम एकदम सक्सेसफुल आहे यार," ती सांगत सुटली. सोमवारी मदत देणाऱ्या संस्थेसमोर तिचं प्रेझेंटेशन होतं. ते पटलं की हीच योजना आणखी गावांत जाणार होती.

यामिनी मात्र गालातल्या गालात हसत होती. फोनवर तिला एक बाई भेटली होती. युद्धातही गाव न सोडलेली, म्हणून शेळी न मिळालेली. "उपाशी तर आम्हीही राहिलो. शेजारणीला मिळाल्या, मला का नाही? मरोत तिच्या शेळ्या!" बाई म्हणाली होती. आणि खरोखरच त्या गावात काही शेळ्यांना कुणीतरी विष घातलं होतं. यामिनीने यातलं अवाक्षरही लतिकाला सांगितलं नाही. सोमवारी भर सभेत विचारायचं आणि तिची फजिती करायची, असा बेत होता.

रविवारी, त्याच गावात राहणारे यामिनीचे अनिलकाका तिला नेहमीप्रमाणे गाडीतून किराणा आणायला घेऊन निघाले. काकांनी पूर्वी निर्वासितांच्या छावण्यांत काम केलं होतं. यामिनीने मोठ्या तोऱ्यात त्यांना बेत सांगितला. काका हसले नाहीत.

"त्या गावात कुणाला मिळालं नाही, म्हणून त्यांनी विष घातलं. तुला पाठवलं नाही, म्हणून तू तेच करतेयस. फरक काय गं?"

"पण काका, मिस्टेक लतिकाची आहे! ज्यांना मिळालं त्यांनाच विचारून आली."

"आहेच. पण सोमवारी लोकांना तुमचं भांडण दिसेल. ती बाई कुणाला दिसणार? आज शेळ्या मेल्या, उद्या तिथे माणसं एकमेकांच्या जिवावर उठली तर?"

यामिनीचा चेहरा खर्रकन उतरला. त्या बाईची जळफळ आपल्याला इतकी चटकन का कळली, हे तिला आत्ता उमगलं. अरे देवा! ती तर तिचीच जळफळ होती!

घरी येऊन तिने लतिकाला सगळं सांगितलं, लपवल्याचंसुद्धा. लतिका भडकली. "आणि तू गप्प बसलीस? कमाल आहे तुझी!" मग लॅपटॉप पुढे ओढत म्हणाली, "स्लाइड्स बदलायला लागतील. बस इथे. ती बाई नक्की काय म्हणाली?"

सोमवारी लतिकाने स्पष्ट सांगितलं, की योजना अशीच पुढे नेऊ नका, गावातल्या राहिलेल्या घरांनाही सामील करा. संस्थेच्या लोकांनी ते मनावर घेतलं. शाबासकी पुन्हा लतिकालाच मिळाली, यामिनीला पुन्हा टोचलं. पण या वेळी तिने टाळ्या वाजवल्या, अगदी जोरात.

वाचकहो, मत्सर कुणाच्या घरी नसतो? म्हणून मदत करताना, मग ती देशाला असो की गल्लीतल्या कुणाला, ज्याला मिळालं त्याला विचारून थांबू नका. शेजारी रिकाम्या हाताने बसलेल्यालाही विचारा. आणि तो रिकाम्या हाताचा माणूस आपण स्वतःच असलो, तर विष कालवत बसू नका. तोंड उघडून बोला!