दुखलं तर डावा हात वर करा

"दुखलं तर डावा हात वर करा," असं मी नेझुआजींना सांगितलं खरं, पण जपानातल्या आमच्या निइगाताकडचे म्हातारे पेशंट तो कधीच वर करत नाहीत. दुखतंय म्हटलं तर डॉक्टरचा अपमान व्हायचा ना!

दंतशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेतली ती माझी शेवटची केस होती. दाढेचं रूट कॅनाल नव्वद मिनिटांत पुरं करायचं होतं. लेक दहा महिन्यांची; या वेळी नापास झाले तर शिक्षण सोडेन, असं मी घरी सांगून ठेवलं होतं. परीक्षक हाताकेयामा सर घड्याळ घेऊन मागे उभे होते.

आजींचा हात पोटावर शांत होता, पण मोज्यातली पायाची बोटं घट्ट मुडपली होती. पोटात दुखलं की माझी लेक अगदी अशीच मुडपते. मी थांबले, पुन्हा भूल दिली आणि ती चढेपर्यंत वाट पाहिली. काम नीट झालं, पण दिलेली वेळ उलटून गेली.

"आजी, हात का नाही वर केलात?"

"तुझे मार्क गेले असते ना, पोरी!" बधिर ओठांनी आजी बोबडं बोलल्या. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "हिला नापास करा बघू, मग तुमच्या खुर्चीत बसून दोन्ही हात वर करते!"

सर हसले नाहीत. "मी घड्याळच बघत राहिलो," ते म्हणाले. "पाय हिने पाहिले." आणि त्यांनी कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं.

आभार मानताना रीतीप्रमाणे आधी सरांपुढे कमरेत वाकायचं असतं. मी आजींपुढे वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाही.