हाडांमधलं रफूकाम

"आठवड्यातून एक गोळी, तीही होत नाही तुझ्याच्यानं?" लेक कमरेवर हात ठेवून उभी होती.

"जळतं गं. छातीत निखारा ठेवल्यासारखं." आईनं सुईवरची नजर काढली नाही. "आणि गोळीबरोबरचा तो कागद वाच. जबड्याचं हाड खराब होतं म्हणे, मांडीचं मोडतं म्हणे. हाड मोडू नये म्हणून औषध, आणि त्यानंच मोडायचं? ही कुठली तऱ्हा!"

"आणि मनगट? ते काय औषधानं मोडलं?"

आईनं दोरा दातानं तोडला. घट्ट बसलेली खिडकी ढकलायला गेली नि मनगट कडकन गेलं होतं. गल्ली तिला रफूवाल्या काकू म्हणे. कोटाचं भोक ती असं भरायची, की मालकानं बोट फिरवूनही सापडू नये. प्लास्टरच्या दिवसांत ती सुईकडे नुसती बघत बसायची, माहेर तुटलेल्या बाईसारखी. पुन्हा हात मोडला तर सुई गेली. खुबा मोडला तर बसणं गेलं. आणि गोळीनं जबडा गेला तर?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "काकू, गोळी घेतल्यावर काय करता?"

"करणार काय? कामाला बसते. सकाळचा उजेड सोन्यासारखा असतो."

"बसता कशा?"

आईनं बसून दाखवलं. पाठीची कमान, हनुवटी छातीला, नाक सुईला. लेकीनं कपाळावर हात मारला.

"म्हणून जळतं," डॉक्टरीणबाई हसल्या. "वाकलात की गोळी अन्ननलिकेत परत येते आणि तिथं भाजते. उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास ताठ राहायचं."

"मी नि ताठ! लग्नाच्या फोटोत होते, तेवढीच."

"आणि जबड्याचं?" लेकीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा वळवून हाडाचं मोठं केलेलं चित्र दाखवलं. आई पुढे सरकली. दगडासारखं घट्ट असेल असं वाटलेलं हाड आतून जाळीजाळीचं होतं. उभे धागे, आडवे धागे, मध्ये विरलेल्या जागा.

"हाड कधी स्वस्थ नसतं, काकू. काही पेशी जुनं कुरतडतात, मागून दुसऱ्या नवं भरतात. वय झालं की कुरतडणाऱ्या पुढे जातात. गोळी त्यांना आवरते."

"पण जुनं निघालंच नाही, तर विरलेलं आतच राहील की!"

"राहतं थोडं. म्हणूनच फार वर्षं घेतली तर क्वचित कुणाचं मांडीचं हाड मोडतं, क्वचित दात काढल्यावर जबडा भरून येत नाही. त्यासाठी दात आधी दाखवायचे, मांडीत दुखलं तर लगेच सांगायचं, काही वर्षांनी थांबवता येते का तेही बघायचं. तुमच्या बाबतीत पडून मोडण्याची भीती मोठी, ही लहान. पण ठरवायचं तुम्हीच."

आईचं लक्ष चित्रावरच होतं. "हे माझ्यात चाललंय? आत्ता?"

"आत्ता."

"मी झोपते तेव्हाही?"

"तेव्हाही. लहानपणी ज्या हाडांवर उड्या मारल्यात, त्यातलं आता फारसं उरलंसुद्धा नसेल. कितीदा तरी नवं झालंय."

"अगंबाई!" आईनं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं, देवघरातली वस्तू धरावी तसं हलकेच. लेक पोटात होती तेव्हा चाललेलं, नवरा गेला तेव्हा चाललेलं. ती रडत होती, ती हसत होती, आत उसवणं थांबलं नव्हतं, विणणं थांबलं नव्हतं. ना सुईचा आवाज, ना मजुरीची बोली.

दात दाखवून झाले. गोळीच्या दिवशी सकाळी आईनं पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेतली आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टेबलावरच्या कोटावर उजेड पडून वाया चालला होता. तिकडे बघायचं नाही म्हणून तिनं डोळे मिटले.

"भीती वाटते?" लेकीनं हळूच विचारलं.

"वाटते की. जबडा माझाच आहे." डोळे मिटूनच ती म्हणाली, "पण जन्मभर कुणीतरी माझं काम करतंय गं, न बोलावता. आता ते थकलेत, हा अर्धा तास त्यांचा. तू बोलू नकोस थोडा वेळ."

लेकही शेजारी येऊन भिंतीला टेकली, ताठ.