शेपटीकडे पळणारा सिंह

सरदार वोल्फार्टचा घोडा गिलिस शिंप्याच्या दुकानासमोर नवी झूल लेवून उभा होता. लिस्बेट त्याच्या उजव्या अंगाला गेली आणि फस्सकन हसली.

"गिलिस, तुझा सिंह शेपटीकडे पळतोय रे!"

"कसा पळेल?" तिचा नवरा फणकारला. "ढालीवर आहे तस्साच कापलाय. ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडे तोंड. नियमच आहे तो!"

"ढालीला एकच तोंड, घोड्याला दोन अंगं. डावीकडून तुझा सिंह वैऱ्यावर चालून जातोय. इकडून बघ, घरी जेवायला निघालाय."

गिलिसनं बघितलं आणि मटकन पायरीवर बसला. दुपारी गेंटच्या चौकात भाल्यांची झुंज. गेल्या वर्षी वोल्फार्टच्या हातून भाला निसटला, तेव्हापासून गाव त्याला ससा म्हणायचं. आता सशाच्या घोड्यावर पळपुटा सिंह! दुकानाची पायरी परत चढेल कोण?

"दुसरा काप की."

"पिवळी बनात, ते लोकरी कापड, संपली. उरलीय हिरवी. निळ्या झुलीवर हिरवा सिंह लावला तर निशाणांचा पंच दारातूनच हाकलेल. रंगावर रंग चालत नाही, सोनं म्हणजे पिवळा नाहीतर चांदी म्हणजे पांढराच लागतो."

लिस्बेटनं कात्री उचलली, भराभर टाके उसवले आणि सिंह घावनासारखा पालथा घातला. बनात दोन्हीकडून सारखीच. तोंड थेट घोड्याच्या डोक्याकडे!

"अगं बाई!" गिलिस म्हणाला.

डोळा, नखं नि जीभ मात्र या बाजूवर रेशमानं पुन्हा काढायची होती. नखं त्यानं घेतली, जीभ तिनं.

"एवढी लांब?"

"जीभ लाल हवी, एवढंच नियम सांगतो. किती लांब, ते कुठं सांगतो?"

चौकाच्या दाराशी पंचानं झूल न्याहाळली. "निळ्यावर सोन्याचा सिंह, मागच्या पायांवर उभा, जीभ-नखं लाल. ठीक." त्याच्या मिशा मात्र थरथरत होत्या.

"आले ससेराव!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. तेवढ्यात एका मासेवालीचं लक्ष सिंहाच्या जिभेकडे गेलं. "अगं, हा मेला आपल्यालाच वेडावतोय!"

चौक खदखदला. वोल्फार्टनं वाकून झूल पाहिली, स्वतःची जीभ काढून गर्दीला दाखवली, आणि टाळ्यांचा पाऊस पडला. झुंज तो हरला, पण भाला काही सोडला नाही. ससा म्हणायचं कुणाला सुचलंही नाही.

संध्याकाळी स्वारी दुकानात हजर. गिलिस धडपडत उभा राहिला.

"गिलिस, डावीकडच्या सिंहाची जीभ एवढीशीच का?" सरदार गरजला. "त्यानं काय घोडं मारलंय? त्यालाही तेवढीच लाव!"

गिलिस सुईत लाल रेशीम ओवायला बसला. लिस्बेटनं त्याच्या पाठीमागून जीभ काढून दाखवली.