आत कोणी नाही, असे पडदा म्हणाला

सुज्ञ वाचकहो, एका धान्यगोदामातील लिपिक स्त्रीने स्वहस्ते घडविलेले संगणकीय साधन, त्यापासून लाभलेली सोय, आणि त्याच साधनाने एका दुपारी तिच्या जिवाला लावलेला घोर, यांचा वृत्तांत मी पुढे यथामती निवेदन करीत आहे. उणेदुणे आढळल्यास पोटात घालावे.

त्या बाईंना सारे गोदाम ‘वहिनी’ म्हणे, कारण त्यांचा धाकटा दीर तेथेच हमालांचा मुकादम होता. गोदामात कोण शिरले व कोण निघाले याची वही फाटकापाशी असे, आणि घामेजल्या बोटांनी तिच्यातील अक्षरे फिसकटून जात. महिन्यातून एकदा किडे मारण्यासाठी दारांच्या फटी चिकटपट्टीने बुजवून आत विषारी वायू सोडीत. त्या समयी माणसांच्या प्राणांचा भरवसा त्या फिसकटलेल्या वहीवरच असे.

वहिनींनी नवे साधन मागितले, तेव्हा संगणकवाल्या कंपनीने सहा महिन्यांची मुदत सांगितली. मग वहिनींनी स्वतःच लो-कोड नावाची विद्या हाती धरली. तीत संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. पडद्यावरील तयार ठोकळे बोटाने ओढून एकास एक जोडले की झाले. ‘येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद’ हा ठोकळा तर आयताच सापडला. चार दिवसांत अ‍ॅप उभे राहिले. शिरताना मोबाइलवर ‘आत’ दाबावे, निघताना ‘बाहेर’ दाबावे, आणि सर्व निघाले की हिरव्या पडद्यावर ठळक अक्षरे उमटत: ‘आत कोणी नाही’.

मॅनेजरसाहेबांचा आनंद गगनात मावेना. “वहिनी, सहा महिन्यांचं काम चार दिवसांत! त्या कंपनीचं तोंडच बंद केलंत तुम्ही!”

आठवडाभर ते अ‍ॅप सुरळीत चालले. तेव्हा साहेबांनी उत्साहाच्या भरात ते नदीपलीकडील गोदामालाही दिले. सकाळी एक लिंक धाडली, की काम फत्ते.

त्याच दुपारी पावणेचारच्या सुमारास पडदा हिरवा झालेला पाहून वहिनी दाराला कुलूप घालण्यास उठल्या. तोच अंगावरचा भुसा झटकीत दीर आतून बाहेर आला.

“भावजी, तुम्ही आत होतात?”

“मग काय सासुरवाडीला गेलो होतो? एक वाजल्यापासून पोत्यांच्या थप्प्या मोजतोय.”

“‘बाहेर’ आधीच दाबलंत का?”

“बाहेर यायच्या आधीच कसा दाबू? हे बघा, आत्ता दाबतो...” त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. “अरेच्चा! यात तर मी कधीचाच बाहेर आहे!”

वहिनी खुर्चीत बसल्या आणि तो आयता ठोकळा त्यांनी प्रथमच उघडून पाहिला. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘दोन तासांनी नोंद आपोआप बंद करा.’ शेजारच्या चौकटीत बरोबरची खूण होती. ती वहिनींनी केलेली नव्हती. ती मुळातच होती. ठोकळा घडविणाऱ्याने तो कचेरीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी घडविला होता. पाहुणे घटकाभर बसतात आणि जाताना नोंद करण्यास विसरतात. थप्पीआड तीन-तीन तास राबणारा माणूस त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नसावा.

“साहेब, पलीकडे आज वायू किती वाजता सोडणार आहेत?” त्यांनी मॅनेजरसाहेबांना हाक मारून विचारले.

“चारला. का?”

भिंतीवरील घड्याळात तीन वाजून एकावन्न मिनिटे झाली होती.

वहिनींनी पलीकडच्या पहारेकऱ्याला फोन लावला. तो दुसऱ्या कॉलवर होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

साहेब म्हणाले, “घाबरू नका हो. तो माणूस डोळ्यांत तेल घालून पहारा करतो.”

“त्याच्या डोळ्यांपुढे माझाच पडदा आहे, साहेब!”

“मी गाडी काढतो,” दीर म्हणाला.

“पूल ओलांडेपर्यंत साडेचार होतील, भावजी. फोन लावत राहा तुम्ही.”

ठोकळ्यातील खूण काढली तरी बंद झालेल्या नोंदी पुन्हा उघडणार नव्हत्या. तेव्हा वहिनींनी निराळेच केले. ‘आत कोणी नाही’ ही अक्षरे पुसून त्या जागी नवी लिहिली: ‘थांबा. वायू सोडू नका. माणसे मोजा.’ हिरवा रंग काढून लाल भरला आणि प्रसिद्ध करण्याचे बटण दाबले. पडदा दर मिनिटाला आपोआप ताजा होई. पण पहारेकऱ्याने त्याच्याकडे पाहावे कसे? तो तर फोनवर बोलत होता!

तीन पंचावन्न. तीन छप्पन्न. साहेब एकदा पाणी प्यायले आणि पेला हातातच धरून उभे राहिले. दीर फोन लावीत होता आणि दात-ओठ खात पुटपुटत होता, “बोलतोय काय इतकं! लग्न जमवतोय की काय कुणाचं!”

तीन अठ्ठावन्नला वहिनींचा फोन वाजला.

“वहिनी, हे लाल काय आलंय? वायू सोडणारे औषधवाले पट्ट्या लावून बसलेत, माझ्या नावानं ओरडतायत.”

“पट्ट्या काढा. आत जा. हाका मारा. एकेक थप्पी बघा.”

“अहो, पण आत्ता तर ‘आत कोणी नाही’ म्हणत होतं...”

“ते खोटं होतं! जा!”

फोन चालूच राहिला. पट्ट्या फाडल्याचा आवाज आला, पावले आली, मोठ्या रिकाम्या जागेत घुमणाऱ्या हाका आल्या. मग काहीच आले नाही. वहिनींनी घड्याळाकडे पाहणे सोडून दिले.

“सापडला!” पहारेकरी धापा टाकीत म्हणाला. “मागच्या थप्पीवर होता. ताडपत्री बांधत होता. कानात गाणी!”

“फोन द्या त्याला.”

पलीकडून एक वैतागलेला आवाज आला. “काय बाई, काम अर्ध्यावर टाकून उतरवलं मला. मी नोंद केली होती ना, आत म्हणून?”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “केली होतीत.”

दिराने हळूच त्यांच्या हातातून फोन घेतला.

येथे ही कथा संपली. आपला अमूल्य वेळ देऊन ती वाचल्याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
हरिश्चंद्र काशिनाथ