लॅमिनेशन केलेलं वादळ

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. राजा, राणी, गुलामाच्या जोडातला नव्हे. माझ्या अंगावर काळंभोर वादळ आणि उलटलेलं गलबत छापलेलं आहे. बोटीवर नोकरी करणाऱ्या रिचर्डमामाने १९९९ साली परदेशातून पत्त्यांचा मोठा खोका मालवणला आणला, आपल्या भाचीसाठी, सँड्रीनासाठी. त्यात मी होतो.

खेळ असा. चौघांनी बसायचं, प्रत्येकाने आवडीचे पत्ते निवडून आपला गठ्ठा बांधायचा, पटावर सैनिक मांडून एकमेकांवर चालून जायचं. शेवटी उरेल तो जिंकला. मी खाली पडलो की पटावरचे सगळे सैनिक साफ, खेळणाऱ्याचे स्वतःचेसुद्धा. म्हणून मी कुणालाच नको होतो. सँड्रीनाने मात्र माझं मोल ओळखलं. ती पटावर फारसं काही मांडायचीच नाही. सर्वेश, जान्हवी आणि प्रितेश आपापसात झुंजत. मी हिच्या हातात असेन या धास्तीने हिच्या वाटेला कोणी जात नसे. सगळे दमले की ती मला अलगद खाली ठेवी.

"ही गप बसली की समजाचा, आपण मेलो," सर्वेश हातातले पत्ते टाकून म्हणायचा.

त्या वर्षांत मला फार मान होता. तो मान आठवला की अजून जीव तुटतो.

तिचे वडील आग्नेल होड्यांची इंजिनं दुरुस्त करत. हा खेळ म्हणजे त्यांना निव्वळ रिकामटेकडेपणा वाटे. २००६ मध्ये पणजीला मोठी स्पर्धा ठरली. नर्सिंग संपताच सँड्रीना कुवेतला नोकरीला जाणार होती. तिथे कुठला खेळ नि कुठले सवंगडी? जाण्याआधी एकदा तरी अनोळखी माणसांपुढे आपलं डोकं चालवून दाखवावं, एवढंच तिला हवं होतं. तिने फार विनवलं तेव्हा आग्नेल हो म्हणाले. आणि नुसतं हो म्हणून थांबले नाहीत.

खाऱ्या हवेने माझ्या कडा फुगल्या होत्या. आमच्याकडे रेशनकार्डापासून मार्कशीटपर्यंत जे जे जपायचं, ते जवळच्या कट्टा गावच्या बाजारात नेऊन लॅमिनेशन करतात. आग्नेल गुपचूप मलाही घेऊन गेले. मशीनमधून मी गरमागरम बाहेर आलो, ताठ आणि चकचकीत.

"बघ गो बाय," निघायच्या सकाळी त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं, "आता दर्याचो वारो पण ह्येका काय करूचो नाय."

सँड्रीनाचा चेहरा उतरला. स्पर्धेत वेगळा ओळखू येणारा पत्ता चालत नाही, हा नियम तिला ठाऊक होता. पण बापाच्या डोळ्यांतलं कौतुक बघून ती एवढंच म्हणाली, "बरा केलंस, पप्पा," आणि तिने मला तसंच गठ्ठ्यात ठेवलं.

पणजीत परीक्षकांनी गठ्ठा पिसला आणि त्यांचं बोट माझ्यावरच अडलं. जाड पत्ता पाठीवरूनही ओळखू येतो. "हें चलचें ना," म्हणत त्यांनी मला सगळ्यांदेखत बाजूला काढलं आणि तिला एक साधा सैनिक दिला. समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वादळ गेलं, धास्तीही गेली. तिचा अख्खा गठ्ठा माझ्या भरवशावर बांधलेला. राखणीला पटावर कोणी नव्हतं. तिघेही तिच्यावर तुटून पडले. सगळ्यांत आधी तीच उठली, आणि मी टेबलाच्या कोपऱ्यावरून नुसता बघत राहिलो.

"हरलंय, पप्पा," ती घरी येऊन म्हणाली.

"पत्तो बरो चललो मगे?"

"पत्तो बरोच आसा," ती म्हणाली आणि तोंड धुवायला आत गेली.

ती कुवेतला गेली. रविवारी फोन येतो, पण खेळाचं नाव निघत नाही. सर्वेश, जान्हवी, प्रितेश आपापल्या संसाराला लागले. आग्नेलनी मला खुरसाशेजारी, म्हणजे घरातल्या क्रूसाशेजारी, भिंतीवर लावलं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माझ्या चेडवाचो पत्तो."

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कोणी असेल तर त्याच्याशी खेळा. कडा फुगू देत, कोपरे दुमडू देत, एखाद्या दिवशी फाटूही दे. माझं तेवढंही नशीब नाही. आग्नेल रोज सकाळी फडक्याने मला पुसतात, फार मायेने पुसतात.