बिनकुलपाचा आठवडा

आमच्या घराचं दार उघडायला चार मिनिटं लागायची. दूधवाला बेल वाजवून खालच्या मजल्यावरची दुधं देऊन परत वर यायचा, तेव्हा कुठे माझी शेवटची साखळी निघालेली असायची. आमचे हे कुलूपवाले. कुलपं विकतात, बसवतात, चाव्या करून देतात. पण डॉक्टर काही रोज आपलीच औषधं घेत नाही. ह्यांनी मात्र दुकानात आलेलं प्रत्येक नवं कुलूप आधी घरी आणून लावलं. दार आत उघडायचं, ते फिरवून बाहेर उघडणारं केलं, कारण आत उघडणारं दार लाथेने पडतं म्हणे. आमच्या दाराला लाथ मारायला कोण येणार होतं ते देवालाच ठाऊक.

सकाळी दुकानाला निघाले की मला आतून सगळं लावायला सांगायचे. मग जिन्याच्या तीन पायऱ्या उतरायचे, परत वर यायचे आणि दार ओढून पाहायचे. हललं नाही की समाधानाने जायचे. लग्नाला बावीस वर्षं झाली, एक दिवस ह्यात खाडा नाही.

ह्यामागे कारण आहे, नाही असं नाही. हे आठ वर्षांचे असताना भर दुपारी घरात चोर शिरले. हे पलंगाखाली लपले आणि सासूबाई एकट्या चोरांसमोर उभ्या राहिल्या. चोरांनी भिंतीवरचं घड्याळ नेलं आणि ह्यांची झोप नेली. सासूबाई मात्र दुसऱ्या दिवसापासून छान झोपायला लागल्या. तीच दुपार, तोच प्रसंग, पण एकीला देव दिसला आणि दुसऱ्याला कुलूप.

तर एका रविवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी भीतीवर उपदेश केला. चांगला केला, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "इथे गाता, देव आमचा राखणदार. घरी जाऊन कुलूप लावता. मग राखणदार कोण, देव की कुलूप?" त्यावर पहिल्या बाकावरून खणखणीत 'आमेन' आलं. ते आमच्या ह्यांचं. कमिटीवर असल्यामुळे सवयीने तोंडातून निघून गेलं, आणि मग आपण काय बोललो ते ह्यांच्या लक्षात आलं.

पाळकसाहेबांनी लगेच जाहीर केलं की हा आठवडा बिनकुलपाचा. कोणीही घराला कुलूप लावायचं नाही, आणि शनिवारी दुपारी सभागृहात येऊन प्रत्येकाने साक्ष द्यायची की देवाने आपल्याला कसं सांभाळलं. कोण कोण तयार आहे? सगळ्यांनी हात वर केले. हात वर करायला काय जातं?

घरी येऊन ह्यांनी खरंच सगळी कुलपं काढली. जेवणाच्या टेबलावर असा ढीग लागला की ताटं मांडीवर घेऊन जेवलो. मला इतकं मोकळं वाटलं की काय सांगू. मी भांडी घासायला गेले, तर मागून टकटक. हे दाराच्या चौकटीत काहीतरी बसवत होते.

"हे काय?"

"कुलूप नाही. कडी आहे," हे म्हणाले. "पाळकसाहेब कुलूप म्हणाले होते."

ती कडी ह्यांनी स्वतःच्या डोक्याने केलेली. चौकटीच्या पोटात बसायची, आवाज नाही, बाहेरून चावीचं भोक नाही, काही नाही. लावलीय की नाही ते बाहेरच्याला कळायचंच नाही. ह्यांनी तिचं नाव ठेवलं मुकी कडी. आणि एकदा का लावली, की बाहेरून ती खुद्द ह्यांच्या बापालाही उघडता आली नसती.

सोमवारी मी डबा द्यायला दुकानात गेले, तर भोंगाकाका आलेले. ते आमच्या गायनमंडळाचे पुढारी, आवाजावरून नाव पडलेलं. कपाटाची चावी करायची होती म्हणे. चावी झाली तरी उभेच. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "बाहेरून दिसणार नाही असं काही असतं का हो? माझं काही नाही, पण आमची ही घाबरते." त्यांची ही कुत्र्याच्या तोंडातून चप्पल ओढून घेते, ते असो.

मग रांगच लागली. प्रत्येकाची चावी हरवलेली आणि प्रत्येकाच्या घरी कोणीतरी दुसरंच घाबरणारं. गुरुवारपर्यंत ह्यांना जेवायला फुरसत नव्हती. शेवटी पाळकसाहेब आले. त्यांची काही चावीबिवी हरवली नव्हती, माणूस प्रामाणिक. म्हणाले, "देवावर पूर्ण भरवसा आहे. पण देवाने अक्कलही दिलीय ना?" ह्यांनी त्यांनाही बसवून दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळी मंडळी देवाच्या भरवशावर होती, फक्त हातचं राखून.

मला हसू येत होतं, पण हसण्यासारखं तोंड माझं तरी कुठे होतं? रोज दुपारी मीच ती कडी लावत होते.

आमच्या घरात फक्त सासूबाई ऐकत नव्हत्या; मी डबा द्यायला गेले की कडी लावत नव्हत्या. "मी हात वर केलाय," त्या म्हणायच्या. "ह्या वयात हात वर करायला किती दुखतं माहितीये का? उगाच नाही केला." हे चिडायचे. सासूबाईंचं हृदय नाजूक. छातीत कळ आली की जिभेखाली गोळी ठेवावी लागायची. अशा बाईला उघड्या दारात एकटं कसं सोडायचं, हा ह्यांचा प्रश्न.

शनिवारी साक्षींच्या सभेला निघताना ह्यांनी त्यांच्यापुढे हातच जोडले. "आई, आम्ही गेलो की कडी लावून घे. माझ्यासाठी."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

आता, सासूबाईंचं 'बरं' म्हणजे 'ऐकलं', एवढंच. हे मला पहिल्या वर्षात कळलं होतं. ह्यांना पोटच्या पोराला अजून कळलं नव्हतं.

सभेत एकेकाच्या साक्षी ऐकून माझे कान धन्य झाले. भोंगाकाका म्हणाले, दार सताड उघडं असल्यासारखं वाटतं आणि मनात नुसती शांती. शाळेतल्या बाई तर रडल्या. ज्याच्या त्याच्या घरची कडी ह्यांना ठाऊक, आणि ह्यांच्याकडे कोणी बघेना. ह्यांची पाळी आली, हे उठून उभे राहिले, आणि तेवढ्यात आमच्या खालच्या मजल्यावरची शिवणवाली धापा टाकत आत आली.

"वर धपकन आवाज झाला. आजी पडल्या वाटतं. कण्हतायत."

"तू आत नाही गेलीस?" मी विचारलं.

"तुमच्या दाराला कोण हात लावणार?" ती म्हणाली. तिचंही बरोबर होतं.

सगळी सभा आमच्या मागे धावली. दार चौकटीत घट्ट मिटलेलं, बाहेरून नुसतं गुळगुळीत लाकूड आणि एक पितळी मूठ. आतून सासूबाईंचा बारीक आवाज येत होता. हत्यारांची पिशवी ह्यांच्या खांद्याला सदाचीच; तिच्यातून ह्यांनी ड्रिलचं मशीन काढलं. मशीनच्या घरघरीत तो आवाजही बुडाला. लाकडाच्या आत ह्यांनी पोलादी पट्टी घातलेली, चोराच्या ड्रिलचं पातं मोडावं म्हणून. ते ह्यांचंच मोडलं. दुसरं लावलं, तेही मोडलं. मंडळी जिन्यावर उभी राहून सल्ले देत होती. शाळेतल्या बाईंनी विचारलं, ही कडी बाहेरून उघडतच नाही का? हे म्हणाले, नाही. तेव्हा त्या मटकन पायरीवर बसल्या, कारण त्यांचीही म्हातारी आई घरी होती आणि त्या निघाल्यावर तिने आतून कडी लावून घेतली होती.

मला डोळ्यांसमोर गोळीची डबी दिसत होती. स्वयंपाकघरात, फळीवर, मिठाच्या शेजारी. दारापासून दहा पावलं.

तिसरं पातं काही केल्या मशीनला बसेना. ते खाली पडलं आणि हे गुडघ्यांवर बसले. बावीस वर्षांत मी ह्यांना कमिटीवरच्या मोठ्या मोठ्या प्रार्थना करताना ऐकलंय. ही तशी नव्हती.

"देवा, मला भीती वाटते," हे म्हणाले. "लहानपणापासून वाटते. सगळ्यांसमोर हात वर केला आणि घरी कडी बसवली. माझी आई माझ्याच कडीने मरतेय. मला आता काही येत नाही. तूच बघ."

जिन्यावर कोणी 'आमेन' म्हटलं नाही. सगळे खाली बघत होते. मी ह्यांच्या शेजारी गुडघे टेकले होते आणि रडत होते. मग वाटलं, रडून काय होणार, खालून पहार तरी आणावी. माझे गुडघे दुखरे, उठताना काहीतरी धरावं लागतं. मी पितळी मूठ धरली आणि जोर दिला.

दार उघडलं.

कडी लावलेलीच नव्हती. सासूबाईंचं 'बरं' माहीत असून मलाही आठवलं नव्हतं. सासूबाई पलंगाशेजारी पडल्या होत्या. मी धावत जाऊन गोळी आणली, जिभेखाली ठेवली. थोड्या वेळाने ओठांना रंग आला. मग त्या म्हणाल्या, "केव्हाची ओरडतेय, दार उघडं आहे, दार उघडं आहे. तुमचं आपलं घर्रर्र."

मनगट मोडलं होतं, हृदय ठीक होतं. दवाखान्यातून तीन दिवसांनी घरी सोडलं.

मधल्या रविवारी ह्यांची राहिलेली साक्ष होती. हे उभे राहिले तसं सभागृहात कोणी खोकेनासुद्धा. भोंगाकाकांनी गायनाचं पुस्तक तोंडापुढे धरलं. ह्यांनी नावं घेतली तर संपलंच होतं. निर्भय मंडळी इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

हे म्हणाले, "मी रोज दार ओढून पाहतो, बंद आहे ना म्हणून. ज्या दिवशी ते उघडं होतं, त्या दिवशी ओढून पाहिलं नाही. एवढंच." आणि खाली बसले.

सोमवारी पाळकसाहेब दुकानात आले. मला वाटलं, कडी काढायला सांगतील. म्हणाले, "राहू दे ती. पण बाहेरून उघडेल अशी करता येईल का?" हे म्हणाले, करून देतो. दुपारपर्यंत पुन्हा रांग लागली. आधी शाळेतल्या बाई, त्यांच्या मागे भोंगाकाका. पालथ्या घड्यावर पाणी म्हणायचं ते ह्यालाच.

सासूबाई घरी आल्या त्या दिवशी ह्यांनी त्यांना विचारलं, "आई, खरं सांग. दार उघडं ठेवून एकटी बसलीस, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की," सासूबाई म्हणाल्या. "सबंध आठवडा वाटत होती. जिन्यात पाय वाजला की छातीत धस्स व्हायचं. मी आपली देवाला म्हणायचे, मला भीती वाटतेय, तू इथे बस. चोर आले होते तेव्हाही हेच म्हटलं होतं."

"तेव्हाही भीती वाटली होती?"

"अरे, पाय लटलट कापत होते. तू पलंगाखाली होतास, तुला कसे दिसले नाहीत कोण जाणे."

ह्यांनी आईचं मोडलेलं मनगट हलकेच मांडीवर घेतलं. चाळीस वर्षं ह्या माणसाला वाटत आलं होतं की भ्यायला तो एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दुकानाला निघाले. मुकी कडी त्यांनी आदल्या संध्याकाळीच काढून टाकली होती. दाराला एक साधं कुलूप ठेवलं होतं, सगळे बाहेर जाऊ तेव्हा लावायला. मी दार नुसतं ओढून घेतलं आणि आत उभी राहिले. तीन पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. मग परत वर आल्याचा. मी मनात म्हटलं, संपलं, जित्याची खोड.

ह्यांनी मूठ धरून दार ओढलं. ते उघडलं. समोर मी उभी.

"ठीक आहे," हे म्हणाले, आणि दार लोटून जिना उतरून गेले.